मोसंबीचा बर्फ

आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंब्याच न्यायच्या, हे आपल्या लोकांना कुणी शिकवलंय देव जाणे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तापानं अंथरुणाला खिळले आणि चिंचवडातल्या आमच्या दोन खोल्यांत मोसंब्यांचा नुसता सुकाळ झाला. जो येई तो पिशवीभर घेऊन येई. फडताळात मोसंब्या, कोनाड्यात मोसंब्या, तांदळाच्या डब्यावर मोसंब्या. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ते मामंजी भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेले. रसाचा पेला पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. दोन वर्षांचं पोर बरं, त्याचं नाक तरी दाबता येतं!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला होता आणि आमच्या ह्यांना तिथं नोकरी लागली म्हणून आम्ही चिंचवड गावठाणात बिऱ्हाड केलं होतं. घरमालक शेतकरी. पुढच्या बाजूला ते राहायचे, मागच्या दोन खोल्या आमच्या. मामंजी नगरकडे तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. तिथून निवृत्त झाले आणि सासूबाईंसह आमच्याकडे राहायला आले. माणूस तसा करडा. भाजीत मीठ कमी पडलं तर ताटावरून न उठता सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगायचे. तेच मामंजी आता हूं की चूं करत नव्हते, आणि खरं सांगते, त्यांच्या ओरडण्यापेक्षा ते गप्प राहणं मला जास्त छळत होतं.

ताप उतरला होता, पण पोटात काही जात नव्हतं. पेज नको, ताक नको, रस नको. डॉक्टर उजाडताच सायकलवरून आले, नाडी बघितली आणि बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, "अंगात पाणीच राहिलं नाहीये. उद्या सकाळपर्यंत काही खायला-प्यायला लागले तर ठीक, नाहीतर पुण्याला इस्पितळात हलवावं लागेल."

डॉक्टर आपले दबक्या आवाजात बोलले, पण दोन खोल्यांच्या घरात दबका आवाज जाणार कुठे? आतून मामंजींचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी. "मी कुठं जाणार नाही. आमचे थोरले बंधू गेले होते पुण्याला. परत आली ती बातमी."

झालं. सासूबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. हे दारात उभे राहून हाताची बोटं मोडायला लागले. डॉक्टरांनी पिशवी उचलली. एकाच्याही डोक्यात काही येईना, आणि माझं डोकं मात्र तापून भणाणलं. मी सरळ खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "मामंजी, मोसंबीचा बर्फ करू?"

हा मोसंबीचा बर्फ काय, ते सांगायला हवं. माझ्या माहेरी, पुण्याला, आइसक्रीमचं भांडं होतं. लाकडी बादली, तिच्यात मधोमध पत्र्याचा डबा, वर फिरवायचा दांडा. वडील दर उन्हाळ्यात त्यात मोसंबीचा रस गोठवायचे. दूध नाही, साय नाही, नुसता रस, साखर आणि वर पिळलेलं लिंबू. माझं लग्न ठरलं तेव्हा बोलणी करायला मामंजी आले, भर वैशाखात, घामाघूम होऊन. वडिलांनी हा बर्फ पुढे केला. देण्याघेण्याचं बोलणं बाजूलाच राहिलं, मामंजींनी वाटीमागून वाटी संपवली आणि मान डोलावून टाकली. लग्नानंतर ते भांडं माझ्याबरोबर आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे काय आणलंस? यात कोळसे ठेवता येतील." आणि ठेवलेही होते.

मामंजींनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मिळेल?"

एवढंच. पण तोंड भिंतीकडे वळवलं नाही.

"आत्ता सकाळ आहे. संध्याकाळपर्यंत करते," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन ह्यांना फर्मान सोडलं, "पुण्याहून बर्फ आणा. मोठी लादी आणा. भुसा घालून पोत्यात बांधून घ्या. आणि येताना खडेमीठ. चांगलं पिशवीभर." ह्यांची त्या दिवशी पहिली पाळी होती. पाळी सुटली की परस्पर गाडी पकडतो म्हणाले. मी मिठाचं पुन्हा सांगितलं. "हो गं, बहिरा आहे का मी?" म्हणाले.

मी कोळसे ओतून बादली घासली आणि पाणी भरून ठेवली. सुकलेल्या लाकडाला फटी पडतात, पाणी प्यायल्या की फळ्या फुगतात आणि गळती थांबते. सासूबाई येता-जाता बघत होत्या. तापातून उठलेल्या माणसाला बर्फ द्यायचा म्हणजे त्यांच्या मते सरळ मारायचं. "छातीत कफ होईल. सन्निपात होईल. आमच्याकडे असलं कधी ऐकलं नाही." डॉक्टरांना विचारून आले मी. थोडं थोडं द्या, काही होत नाही म्हणाले. "त्याला काय कळतंय, कालचं पोर," सासूबाई म्हणाल्या. पण अडवलं नाही. त्यांनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

दुपारी जरा पाठ टेकली माझी. उठून बघते तर काय, सासूबाईंनी सगळ्या मोसंब्या पिळून रस तयार ठेवलेला! तोही पितळेच्या पातेल्यात!

"तुझं काम हलकं केलं," त्या म्हणाल्या.

मी बोट बुडवून चाखलं. कडूजहर. मोसंबीचा रस काढला की लगेच वापरायचा, तसाच ठेवला तर कडू होतो. त्यात ते पातेलं, कल्हई उडालेली, रस कळकलेला. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना वाटलं मी त्यांच्या कामाला नावं ठेवते, मला वाटलं ही बाई मुद्दाम करते. दोघी दोन भिंतींना टेकून बसलो. नशीब, समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई तेवढ्यात मामंजींना बघायला आल्या. हातात काय? मोसंब्या. आयुष्यात पहिल्यांदा मला मोसंब्या बघून रडू आलं.

उन्हं कलल्यावर हे आले. सायकलच्या मागे पोतं, पोत्यातून पाण्याची धार. लादी निम्मी झाली होती. गाडीत बसायला जागा नव्हती म्हणे, इंजिनाच्या बाजूच्या डब्यात उभे राहिले, तिथं उकडत होतं. मी पोतं खाली घेतलं, कांबळ्यात गुंडाळलं आणि विचारलं, "मीठ?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"मीठ हो! खडेमीठ!"

"अगं, मीठ काय घरात असतंच की," हे म्हणाले.

आता काय करावं या माणसाला! घरात मीठ होतं, नव्हतं असं नाही. मिसळणाच्या डब्यात चार चमचे. बाकीचं सगळं आदल्याच दिवशी सासूबाईंनी बरणीत भरलं होतं. घरमालकिणीनं मोशीच्या मळ्यातल्या कैऱ्या आणून दिल्या होत्या, कोवळ्या, बाठ न धरलेल्या. नवरा खाटेवर पडलेला, आणि या बाई सोवळं नेसून खारातल्या कैऱ्या घालत बसल्या! एक थर मीठ, एक थर कैऱ्या, पुन्हा मीठ. वरून पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधला, देवाजवळच्या कोपऱ्यात बरणी ठेवली आणि मला बजावलं, "पाऊसकाळ सरेपर्यंत हात लावायचा नाही." मी मनात म्हणाले होते, हिला काळीज आहे की नाही?

"नुसत्या बर्फानं होईल की," हे म्हणाले. "बर्फ गार असतोच." आणि बाह्या सरसावून बसले. मी रस काढला, साखर विरघळवली, मलमलीच्या फडक्यातून गाळून डब्यात ओतला. ह्यांनी बत्त्यानं बर्फ फोडून भोवती भरला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. फिरवतायत, फिरवतायत, घामानं सदरा पाठीला चिकटला. झाकण उघडून बघितलं तर आत गार सरबत. मी सांगत होते, मिठाशिवाय ते गोठत नाही, मीठ पडल्यावरच बर्फाला चावरी थंडी येते. पण बायकोचं ऐकलं तर पुरुषाची जात कुठं राहिली!

मी वाटी घेऊन घरमालकिणीकडे धावले. ती बाई मोठ्या मनाची. उतरंडीतलं धान्य काढून देईल अशी. पण तुळशीपुढं दिवा लावून नुकतीच उठली होती.

"मावशी, खडेमीठ द्या. असेल तेवढं द्या."

तिनं जीभ चावली. "आगं वैनी, दिवं लागल्यात की. आता कसं दिऊ? तिन्हीसांजंला मीठ घराभाईर जात न्हाई, लक्षुमी जाती मागनं."

"मावशी, मामंजींसाठी पाहिजे हो."

"त्येंच्यासाठीच म्हंती मी. दुखणाईत मानसाच्या घरी असल्या टायमाला मीठ न्यायचं व्हय? सकाळी ये, आख्खं पोतं ने."

वाण्याकडे गेले. त्याच्या दुकानाच्या पायरीवर मिठाचं पोतं उघडं पडलेलं. रात्रंदिवस तिथंच असायचं, मीठ कोणी चोरत नाही म्हणून. वाणी उदबत्ती ओवाळत होता. "तेल न्या, गूळ न्या, काय पाहिजे ते न्या," म्हणाला, "मीठ तेवढं आत्ता नको ताई. दिवा लावलाय." माझ्या हातात वाटी, समोर पोतं, मध्ये हातभर अंतर. मनात आलं, मारावी मूठ आणि पळत सुटावं. पण वाणी ओळखीचा, आळी ओळखीची, आणि माझ्या पायांना तेवढं धाडस नव्हतं. चिडून, रडकुंडीला येऊन घरी परत आले.

"कोणी देत नाही," मी म्हणाले. "सगळ्या आळीची लक्ष्मी आज त्या मिठावर बसलीय!"

"देणारच नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "मीही दिलं नसतं."

ऐकलंत? माझा संताप असा उसळला की काय सांगू. आत त्यांचा नवरा पडलाय, बाहेर बर्फाचं पाणी होतंय, आणि या मला शेजारणींची बाजू सांगतायत! ह्यांनी सायकल काढली. "पिंपरी कॅम्पात जातो. तिथली निर्वासितांची दुकानं उघडी असतात, ते लोक असलं पाळत नाहीत, देतील." मी म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत इथं पोतं तेवढं राहील." ते ऐकायला थांबले नाहीत. दांडा तसाच टाकून गेले.

मी बादलीजवळ फतकल मारून बसले. बर्फाचे खडे आता लिंबाएवढे झाले होते. आतून मामंजींनी हाक मारली, "झालं का?" आवाज इतका बारीक की आधी मला वाटलं बाहेर कोणी बोलतंय.

सासूबाईंनीही ते ऐकलं. त्या उठल्या. मला वाटलं आत जातायत. गेल्या त्या देवाच्या कोपऱ्यात. बरणी दोन्ही हातांनी कवटाळून घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवली आणि दादऱ्याची गाठ सोडायला लागल्या.

"सासूबाई, अहो काय करताय?"

"बोलू नकोस."

गाठ सुटेना. दातांनी सोडली. सोवळ्यात घातलेली, ओला हात लागू न दिलेली ती बरणी त्यांनी पारोशा हातांनी बादलीवर कलती केली. मीठ अजून खडेच्या खडे होतं, खालीच तेवढं जरा पाझरलेलं. धो धो मीठ पडलं आणि त्याबरोबर कैऱ्याही, हिरव्यागार, टणटण उड्या मारत. खारातल्या कैऱ्या नासल्या तर घराचं काही खरं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वर्षभराचं ते सगळं त्या बर्फात ओतत होत्या. तोंडानं देवाचं नाव चाललं होतं.

"ही त्यांच्यासाठीच घातली होती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, दिवाळीला उघडायची म्हणजे तोवर ते राहायला पाहिजेत. आपणच घालून ठेवलं की राहावंच लागेल त्यांना." मग माझ्यावरच खेकसल्या, "बघत काय बसलीस? फिरव की!"

मी फिरवायला लागले. काल ज्या बाईला मी मनात काळीज नसलेली म्हटलं होतं, ती माझ्यासमोर मिठात कोपरापर्यंत हात घालून कैऱ्या बाजूला सारत होती, बर्फ खाली दाबत होती. बोटांच्या चिरांत मीठ झोंबत असणार, पण तोंड वाकडं केलं नाही. माझा हात भरून आला की त्या दांडा धरायच्या, त्यांचा भरून आला की मी. बादलीच्या बाहेरून पांढरा तुषार धरला. दांडा जड व्हायला लागला. मग इतका जड झाला की दोघींनी मिळून धरला तरी हलेना.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आधी झाकण पुस. खारट पाणी आत गेलं तर दोघींचं मेलं काम फुकट जायचं."

झाकण पुसलं, उघडलं. आत मोसंबीचा बर्फ जमला होता. रवाळ, पांढुरका, कडेनं जरा पिवळसर. वासानंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

वाटीत काढतोय तोच हे आले, घामानं निथळत, छातीशी मिठाची पुडी धरून. "मिळालं!" म्हणाले, एवढा पराक्रम केल्यासारखे. सासूबाईंनी त्यांच्याकडे, बादलीतल्या कैऱ्यांकडे आणि माझ्याकडे बघितलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. "ठेवा तिथं," मी म्हणाले. "उद्याच्या वरणाला होईल."

आत कंदिलाच्या उजेडात मामंजी जागेच होते. ह्यांनी पाठीशी हात घालून त्यांना बसतं केलं. त्यांच्या पाठीची हाडं सदऱ्यातून मोजता आली असती. सासूबाईंनी चमचा पुढे केला. त्यांच्या हाताला इतकं मीठ लागलं होतं की मी मध्येच तो हात पदरानं पुसला.

मामंजींनी ओठ उघडले. बर्फ जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. घशाची घाटी वर-खाली झाली.

"आंबट आहे," ते म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. मी म्हणणारच होते, की मामंजी, दिवसभर मरमर मेलो आम्ही, पण त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. मध्ये दम खायला थांबायचे, पुन्हा आ करायचे. वाटी संपली. तळाला राहिलेलं पाणीही त्यांनी वाटी पेल्यासारखी तोंडाला लावून पिऊन टाकलं. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले, जसं काही तिथं बघण्यासारखं काही होतं.

"आणखी देऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"आता पुरे." मामंजी आडवे झाले. पांघरूण स्वतःच्या हातानं छातीपर्यंत ओढून घेतलं. "राहिलेलं उद्याला ठेवा. सकाळी घेईन."

बर्फ उद्याला कसा ठेवायचा? मी तोंड उघडलं होतं. सासूबाईंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. "हो, ठेवते," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, जसं काही राहिलेली भाकरीच झाकून ठेवायची होती.

बाहेर येऊन त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. कैऱ्या, मीठ, उरलेले बर्फाचे तुकडे सगळं डब्याभोवती पुन्हा नीट सारलं. वर पोतं घातलं, पोत्यावर कांबळं, कांबळ्यावर स्वतःचं जुनं लुगडं. आणि बादलीला टेकून बसल्या, उठायचं नाव घेईनात. हातपाय धुवा म्हटलं, ऐकलं नाही. चार घास खाऊन घ्या म्हटलं, ऐकलं नाही. शेवटी माझा तोल गेला.

"अहो सासूबाई, काही उपयोग आहे का याचा? सकाळपर्यंत त्याचं पाणी होणार!"

"होऊ दे गं पाणी," त्या म्हणाल्या. "उद्या म्हणाले ना ते. स्वतःच्या तोंडानं, उद्या म्हणाले."

आणि त्या बादलीवर डोकं ठेवून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हमसून हमसून रडायला लागल्या.